साळूची वाट

तिसऱ्यांदा पडल्यावर जयलक्ष्मीबाई लगेच उठल्या नाहीत. कावेरीच्या कोरड्या पात्रात वाळूवरच फतकल मारून बसल्या आणि केसांतली वाळू झाडू लागल्या. चार पावलांवर साळू उभी होती. बाईंना पाडलं ते आपण नव्हेच, अशा चेहऱ्यानं ती पैलतीराच्या नारळांकडे बघत होती.

"रायरम्मा, पुरे झालं आता," गुरुमूर्ति म्हणाला. "या वयात हाड मोडलं तर पुन्हा धड जुळत नाही. मी तुमच्या यजमानांना काय तोंड दाखवू?"

"तोंड नको दाखवू. घोडी धर," बाई म्हणाल्या आणि कमरेवर हात ठेवून उठल्या.

कुंभकोणममध्ये मराठी घरांना लोक 'रायर' म्हणतात, म्हणून बाई रायरम्मा. गुरुमूर्ति एकेकाळी स्टेशनवर टांगा हाकायचा. टांगे गेले तरी त्याची घोड्यांची खोड गेली नाही. देवळांच्या मिरवणुकांसाठी आणि लग्नांसाठी तो अजून दोन घोडी बाळगून होता. बसायला त्यानं पुष्कळांना शिकवलं होतं. पण साठीला टेकलेली, टायपिंगचा क्लास चालवणारी, पायांत मुलाची ट्रॅक पँट दुमडून घालून येणारी विद्यार्थिनी त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती.

ट्रॅक पँट सूर्याची होती. घोडीही सूर्याचीच. सूर्या मात्र कार्तिकात गेला. घोडीवरून पडून नाही, साध्या तापानं. सोमवारी अंग दुखतंय म्हणाला आणि त्या आठवड्याचा शनिवार त्यानं पाहिला नाही.

सूर्याचं ऑफिस चेन्नईत होतं, पण महामारीच्या दिवसांत तो लॅपटॉप घेऊन घरी आला तो परत गेलाच नाही. एकदा अंदियूरच्या जत्रेत "घोडे बघून येतों" म्हणून गेला आणि लॉरीतून ही तांबूस घोडी घेऊन आला. शेषाद्रीरावांनी कपाळाला हात लावला. आळीतले लोक म्हणाले, तंजावरच्या दरबारातलं रक्त उसळलं. उसळायला होतं कुठं? बाईंच्या माहेरी नि सासरी तीन पिढ्यांत कुणी बैलावरसुद्धा बसलं नव्हतं. सगळे कारकून आणि मास्तर. पण सूर्यानं परसात छप्पर घातलं, घोडीचं नाव साळू ठेवलं, आणि घर तिला सरावलं.

तो गेल्यावर नातेवाइकांना साळूच्या कपाळावर एकाएकी वाईट भोवरा दिसू लागला. शेषाद्रीराव गणिताचे मास्तर होते, भोवऱ्याबिवऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पण रोज पहाटे साळू खिंकाळायची. सूर्या तिला बाहेर काढायचा ती वेळ. ती खिंकाळली की राव अंथरुणात उठून बसत आणि उजाडेपर्यंत तसेच बसत.

"देऊन टाकूं हिला," एक दिवस ते म्हणाले. "मज तें ऐकवत नाहीं." आडुतुरैचा एक माणूस लग्नांना घोडी भाड्यानं द्यायचा, त्याच्याशी ते बोलूनही आले होते. वैशाखातल्या मुहूर्तांची गर्दी ओसरली की तो येऊन नेणार होता.

"तोंवर मी बसायला शिकतें," बाई म्हणाल्या.

"तूं? कशास?"

"एकदां तिच्यावर बसून जायचें आहे."

"कोठें?"

"तेंच बघायचें आहे."

"वरातीमागून घोडें," राव पुटपुटले. पण त्यांनी अडवलं नाही. दुःखात माणूस काय करील याचा नेम नसतो, असं त्यांनी मनाशी धरलं असावं.

बाईंच्या मनात वेगळंच होतं. आठवड्यातून दोनतीनदा सूर्या पहाटे साळूला घेऊन जायचा आणि ऑफिसच्या वेळेला परत यायचा. त्या दिवशी साळू घरच्या कोंड्याला तोंड लावायची नाही. तिच्या तोंडाला गुळाचा वास यायचा. "हिला कोणी खाऊं घालतें कीं काय रे?" बाईंनी विचारलं होतं. सूर्या हसला होता. "आहे एक जण. सांगतों नंतर." ते नंतर राहूनच गेलं. त्याचा फोन कुणाला उघडता आला नाही. मित्रांना घोडी ठाऊक होती, वाट ठाऊक नव्हती.

आपल्याखेरीज आणखी कुणाचा तरी सूर्या गेला आहे, आणि त्या माणसाला कुणी सांगितलंही नसेल. पहाटे गुळाचा खडा हातात घेऊन ते माणूस अजून दारात उभं राहत असेल. हा विचार बाईंच्या डोक्यातून जाईना. शोक करायलासुद्धा माणसाला बातमी तर कळायला हवी.

आधी त्यांनी साळूला दोरीनं धरून चालवून पाहिलं. ती निमूटपणे त्यांच्या टाचांकडे बघत मागं यायची आणि बाई थांबल्या की थांबायची. गुरुमूर्ति म्हणाला, "पुढं धरून चाललात तर ती तुमचीच वाट धरणार, अम्मा. पाठीवर माणूस असलं आणि लगाम सैल सोडला, तरच घोडं आपल्या सवयीनं जातं." म्हणून हा सगळा खटाटोप.

क्लासमध्ये नवी मुलगी आली की बाई तिच्या हातांवर रुमाल टाकत. "खाली बघायचं नाही. बोटांना कळतं." आता गुरुमूर्ति त्यांच्यावर ओरडायचा, "मानेकडे बघू नका! समोर बघा!" आणि बाईंचे डोळे पुन्हा पुन्हा साळूच्या मानेकडे जायचे. आपण मुलींना किती छळलं हे त्यांना इतक्या वर्षांनी कळलं. रात्री मांड्या ठणकायच्या, जिना उतरताना तोंडातून हाय निघायची, आणि राव न बोलता तेलाची बाटली जवळ आणून ठेवायचे.

हळूहळू बसणं जमलं. साळूला चालवणं आणि थांबवणं मात्र जमेना. गुरुमूर्ति 'पो' म्हणाला की त्याची घोडी चालायची, 'निल्लु' म्हणाला की थांबायची. साळू दोन्हीला कान हलवायची आणि मनाला येईल ते करायची. तिथंच घोडं पेंड खात होतं. "हिचे कान फुटलेत," गुरुमूर्तीनं एकदा निकालच देऊन टाकला.

बाईही तिच्याशी तमिळच बोलत. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. जन्मापासून जीभ आपोआप वळायची. दारात उभ्या राहून भाजीवालीशी तमिळ आणि त्याच दमात मागं वळून रावांशी मराठी. नदीचं पात्र म्हणजे बाहेर, आणि बाहेर मराठी कोण बोलतं?

एका सकाळी बोरूच्या बेटातून कुत्रं अंगावर आलं आणि साळू उधळली. बाईंचा लगाम सुटला. त्यांनी दोन्ही हातांनी आयाळ धरली आणि स्वयंपाकघरात दूध उतू जाताना ओरडावं तसं ओरडल्या, "अग राहा! राहा ग बाय, राहा!"

साळू जागच्या जागी उभी राहिली.

बाईंना धाप लागली होती. जरा वेळानं त्या हलकेच म्हणाल्या, "चल ग बाय." साळू चालू लागली. "राहा." राहिली. बाईंनी तिच्या मानेवर डोकं टेकलं आणि नदीच्या पात्रात, गुरुमूर्तीच्या देखत, त्या रडल्या. सूर्या तिच्याशी बाहेरही घरचंच बोलत होता. त्यानं तिला परकी धरलीच नव्हती, आणि आई मात्र दोन महिने तिच्याशी बाजारात बोलावं तशी बोलत होती.

"तुमची भाषा मला काही जमणार नाही," गुरुमूर्ति पागोट्यानं तोंड पुसत म्हणाला. "आता तुमचं तुम्ही जा."

मग एका पहाटे बाई एकट्या निघाल्या. घाटाच्या पायरीवरून खोगिरावर चढल्या, लगाम सैल सोडला आणि म्हणाल्या, "चल ग बाय. तूंच ने."

साळूनं क्षणभर वाट पाहिली आणि मग बांधावर चढून पश्चिमेकडे निघाली. केळीच्या बागा मागं पडल्या, विड्याच्या पानांचे मळे मागं पडले. चहाच्या टपरीपाशी ती थांबली नाही. स्वामिमलैच्या देवळाकडे वळली नाही. रेल्वेच्या फाटकापाशी मात्र थांबली. फाटक उघडं होतं, गाडीचा मागमूस नव्हता, तरी तिनं दोन्हीकडे मान वळवली आणि मगच रूळ ओलांडले. सूर्या स्कूटरवर असा कधी थांबायचा नाही, बाई त्यावरून त्याला किती वेळा रागं भरल्या होत्या. घोडीवर असताना तो थांबत होता. आपल्या मुलाचा हा शहाणपणा आपल्याला कधी दिसला नाही, याचं बाईंना फार वाईट वाटलं.

सुंदरपेरुमाळ कोयिल गाव आलं तशी साळू मोठ्या रस्त्यानं न जाता घरांच्या मागून, पाटाच्या काठानं निघाली. तिचे पाय भरभर पडू लागले. शेवग्याच्या झाडाखाली एक परसदार होतं. तिथं ती थांबली आणि नाकपुड्या फुलवून उभी राहिली.

आतून पैंजणं वाजली, कुणी तरी धावत आलं आणि दाराच्या पलीकडे थबकलं. मग दार उघडलं. पंचविशीतली मुलगी होती. चेहऱ्याला, मानेला, कोपरापर्यंत हातांना हळद लावलेली.

"ये ग बाय," ती साळूला म्हणाली.

मराठीत म्हणाली. उच्चार तमिळ होता, पण शब्द बाईंच्या स्वयंपाकघरातले होते. मग तिनं वर पाहिलं आणि तिचे हात साळूच्या मानेवरच राहिले.

बाईंना हळदीमुळे चेहरा ओळखू येईना. मग त्यांची नजर बोटांवर गेली. लांब बोटं, करंगळी जराशी वाकडी. कळ दाबताना ती करंगळी नेहमी अडायची.

"जननी," बाई म्हणाल्या.

"हो, टीचर."

क्लास ओसरीवर चालायचा आणि सूर्याची खोली ओसरीला लागून होती. वर्षभर ही मुलगी त्याच्या खिडकीपाशी बसून टायपिंग शिकली. बाईंच्या नाकासमोर सगळं झालं होतं आणि बाई मुलींच्या बोटांकडे बघत होत्या.

"मी सांगायला आले होते," बाई कशाबशा म्हणाल्या. "म्हटलं, कुणाला ठाऊक नसेल."

"मी पोस्टर पाहिलं, टीचर. स्वामिमलैच्या बसस्टॉपवर." त्या मुलखात माणूस गेला की मित्रमंडळी त्याचा फोटो छापून भिंतींवर लावतात, सूर्याच्या मित्रांनीही लावले होते. "फोटो चांगला होता. तेवढ्यात बस आली म्हणून मी चढले. कामावर गेले. औषधांच्या दुकानात असते मी. दिवसभर गिऱ्हाइकांना औषधं दिली. संध्याकाळी तुमच्या आळीत आले होते. गर्दीत उभी राहिले. आत कुठल्या नात्यानं येणार?"

हिला उचलून खोगिरावर बसवावं आणि घरी न्यावं, रावांसमोर उभी करावी, असं काहीबाही त्यांच्या मनात आलं. मग त्यांना दारापलीकडचं परस दिसलं. हिरव्या झावळ्यांचा मांडव घातला होता. घडासकट तोडलेले केळीचे खांब भिंतीला टेकून ठेवले होते. मोठाली पातेली घासून उपडी घातली होती.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"परवा. तिरुवारूरचे आहेत. चांगले आहेत, टीचर. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच हो म्हटलं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. तसं त्यांना खरोखरच वाटत होतं आणि वाटत नव्हतंही.

साळू जननीच्या तळव्यांत तोंड घालून हुंगत होती. एक हात हुंगून झाला, दुसरा हुंगून झाला. "नाहीं ग बाय. आज नाहीं," जननी तिला म्हणाली.

"कोण ग तिथं?" आतून तिच्या आईचा आवाज आला.

"टायपिंगच्या टीचर, अम्मा. आशीर्वाद द्यायला आल्यात."

"मागच्या दारानं? आत बोलाव की, कॉफी घेऊन जातील."

"घाईत आहेत." जननीनं आवाज खाली आणला. "टीचर, एक मागते. हिला पुन्हा या बाजूला आणू नका. हिचे पाय वाजले की मला लांबून कळतं. आज कळलं तेव्हा मी अर्ध्या हळदीतून उठून धावले. परवानंतरही मी माहेरी येणार आहे. तेव्हा मी पुन्हा धावेन."

"नाहीं आणणार," बाई म्हणाल्या. इतका वेळ तमिळ चाललं होतं, आणि आता आपण मराठीत बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. जननीला ते कळलं.

पण साळू हलेना. बाईंनी "चल ग बाय" म्हटलं, टाच लावली, साळू ढिम्म. "ते इथं उतरायचे नेहमी," जननी म्हणाली. "उतरल्याशिवाय ती निघत नाही."

बाई उतरल्या. इतका वेळ त्या कधी बसल्या नव्हत्या. जमिनीला पाय लागताच गुडघे लटपटले आणि जननीनं त्यांना धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, साळूच्या आडोशाला, एकमेकींना धरून. मग जननी वाकून पाया पडली आणि बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखानें राहा," त्या म्हणाल्या. आणखी काही द्यावं असं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

आता चढायचं कसं? बाई आजवर घाटाच्या पायरीवरूनच चढल्या होत्या आणि इथं पायरी नव्हती. जननी साळूच्या डाव्या बाजूला आली, वाकली आणि हात पुढं केले. "पाय द्या, टीचर. मला येतं हे. ते शिकवायचे."

परवाच्या नवरीच्या हातांवर पाय ठेवायला बाईंना धीर होईना.

"द्या, टीचर. आत हाक मारतायत."

बाईंनी पाय दिला. जननीनं एक हात तळव्याखाली धरला, दुसऱ्यानं पोटरी घट्ट धरली आणि जोर लावला. बाई खोगिरावर बसल्या. साळू निघाली. पाटाच्या काठानं जाताना ती दोनदा थांबून मागं वळली आणि दोन्ही वेळा बाईंना तिला टाच मारावी लागली. परसदाराला कडी लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

घरी शेषाद्रीराव ओसरीवरच उभे होते. सकाळच्या मुलींना त्यांनी परत पाठवलं होतं. बाईंनी साळूला परसात बांधलं, पाणी दाखवलं आणि येऊन पायरीवर बसल्या.

"कोठें नेलें तिनें?" रावांनी विचारलं.

"स्वामिमलैच्या पलीकडे. पाटाकांठीं."

"कोण होतें?"

"कोणी नाहीं," बाई म्हणाल्या. जन्मात त्या नवऱ्याशी इतकं मोठं खोटं बोलल्या नव्हत्या. "तुम्ही त्या आडुतुरैवाल्यास नकों म्हणून सांगा. तो लग्नांस नेणार, गांवोगांवीं फिरवणार. हिला अंदियूरास धाडा. जेथून आणली तेथें."

राव शेजारी येऊन बसले. "मी समजलों होतों, तूं हिला ठेवूं म्हणशील," ते म्हणाले. "सकाळपासून विचार करूंलालों. मी हो म्हणणार होतों."

बाईंनी परसाकडे पाहिलं. साळू मान खाली घालून कोंडा खात होती. आज तिला भूक होती. हो म्हटलं असतं तर ती इथंच राहिली असती. रोज पहाटे तिच्यावर बसता आलं असतं. सूर्याचं एवढंच चालतं-बोलतं उरलं होतं.

"नकों," बाई म्हणाल्या. "धाडा."

"कां ग?"

"हिला वाट पाठ आहे."

राव उठून फोन करायला आत गेले.

बाई न्हाणीत गेल्या. ट्रॅक पँट काढली तेव्हा तिच्या डाव्या पायावर, पोटरीच्या जागी, पिवळी बोटं उमटलेली दिसली, चार बोटं आणि एक अंगठा. त्यांनी घाईघाईनं साबण लावला आणि डाग लालभडक झाला. हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जातो, हे इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी साबण धुऊन काढला आणि मागच्या दोरीवर, जिथं ऊन सगळ्यांत जास्त वेळ राहतं तिथं, ती पँट वाळत घातली.

दुपारी मुली आल्या, क्लास झाला. संध्याकाळी बाई कपडे काढायला गेल्या. त्यांनी पँट उजेडाकडे धरून आतून-बाहेरून पाहिली. डाग उडून गेला होता.